सोमवारी रत्नागिरीला जायचंय

ती. आई आणि बाबांस,
सा. न.

आई, आधी रागावू नकोस. सोमवारी रत्नागिरीला तुझ्या कमरेच्या एमआरआयची वेळ घेतली आहे. तुला विचारलं असतं तर तू "पावसाळा सरू दे" म्हणाली असतीस. पण परवा बाबा फोनवर म्हणाले, घाटी उतरताना तुझ्या पायातली चप्पल मागे राहिली आणि तुला कळलंही नाही, तेव्हापासून मला झोप लागत नाही. नुसती कंबर दुखत असती तर मीही थांबले असते. पायाला बधिरपणा म्हणजे नस दबत असावी, आणि एक्स-रेत हाड दिसतं, नस नाही.

एमआरआयमध्ये एक्स-रेसारखे किरण नसतात, चुंबक असतं. साधारण अर्धा तास न हलता पडून राहायचं. खडखडाट होतो, भाताच्या गिरणीसारखा, पण कानात बोळे देतात. हातातला रबरी फुगा दाबलास की लगेच बाहेर काढतात. उपाशी राहायचं नाही, मऊभात खाऊनच निघ. मंगळसूत्र तेवढ्यापुरतं काढावं लागेल, ते बाबांच्या खिशात राहील. जोडवी रुतली आहेत, रविवारी रात्रीच साबणाच्या पाण्याने काढू.

'चकती सरकली', 'झीज' असं काही लिहून आलं तर दोघांनीही घाबरायचं नाही. या वयात काहीच दुखत नसलेल्यांच्या मणक्यातही ते दिसतं. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही.

वाटेतल्या पऱ्याला पाणी आलं की तू मला पाठुंगळी घेऊन पलीकडे शाळेच्या बाजूला सोडायचीस. तुझ्या ओल्या पदराचा वास अजून आठवतो गं.

बाबा, तुमच्या गुडघ्याला एमआरआय नको. झीज बघायला उभं राहून काढलेला एक्स-रे पुरतो, तोही त्याच दिवशी काढू. मी रविवारी मांडवी एक्स्प्रेसने येते. सोमवारी एसटी नाही, गाडी ठरवली आहे, आरे-वारेच्या रस्त्याने सावकाश जाऊ.

तोवर आई, आगरात वाकायचं नाही, नारळ गोळा करायचे नाहीत, कंबर कुणाकडूनही चोळून घ्यायची नाही. आणि बाबा, तिचा पाय एकदम लुळा पडला किंवा लघवी अडली, नकळत झाली, तर सोमवारची वाट न बघता त्याच घटकेला दवाखान्यात न्यायचं. ती नको म्हणाली तरी.

जुने एक्स-रे माजघरातल्या कपाटावर आहेत, ते काढून ठेवा.

तुमची,
सुमी