बाबा, त्या सहा लाखांबद्दल

पर्वरी,
५ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबांना,
सा. न.

चवथीच्या दिवशी गणपतीच्या माटोळीखाली बसून आपण टेस्ला या विजेच्या गाड्यांच्या अमेरिकन कंपनीच्या शेअरबद्दल बोलत होतो तेव्हा पाहुण्यांच्या देखत मी आवाज चढवला. बाबा, त्याबद्दल मला माफ करा. फोनवर हा विषय निघाला की तुम्ही 'बघू' म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. साखळी इथून तासाभरावर असूनही म्हणूनच पत्र लिहायला बसले.

विजेच्या गाड्यांबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. तीस वर्षं डिझेलच्या टिपरात घालवलेला माणूस "जिला क्लच नाही, इंजिन ऑईल नाही, ती गाडी पुढे जाणारच" असं म्हणतो, तेव्हा ते ऐकीव नसतं. पणजीत मी स्वतः कदंबाच्या विजेच्या बसने फिरते. प्रश्न गाडीचा नाहीच. १४ नोव्हेंबरला मुदत संपणारी सहा लाखांची ठेव मोडून सगळे पैसे टेस्लाच्या शेअरमध्ये घालायचे का, एवढाच आहे.

गेले तीन आठवडे ऑफिस सुटल्यावर मी त्या कंपनीचे आकडे वाचते आहे. तुम्ही म्हणालात, मुंबईत शोरूम उघडली, आता शेअर वर जाणार. शोरूम १५ जुलैला वांद्रे-कुर्ला संकुलात उघडली हे खरं. पण तिथे मिळणारी मॉडेल वाय शांघायच्या कारखान्यातून येते, आयात शुल्कासकट तिची किंमत ५९ लाख ८९ हजारांपासून सुरू होते, आणि इथे कारखाना नाही. या कंपनीने २०२४ मध्ये जगभर सुमारे १७ लाख ८९ हजार गाड्या दिल्या. त्यात मुंबईच्या विक्रीने भाव हलणार नाही. उलट तो आकडा आदल्या वर्षीपेक्षा कमी होता, आणि वर्षाची विक्री घटण्याची ती पहिलीच वेळ.

परवाची गोष्ट तर तुम्ही टीव्हीवर पाहिलीच असेल. जुलै ते सप्टेंबरमध्ये ४ लाख ९७ हजार गाड्या दिल्या, आजवरची सर्वात मोठी तिमाही. २ ऑक्टोबरला बातमी आली आणि त्याच दिवशी शेअर पाच टक्क्यांनी उतरला. अमेरिकेत विजेच्या गाडीवर मिळणारी ७,५०० डॉलरची करसवलत ३० सप्टेंबरला संपत होती, म्हणून लोकांनी खरेदी आधीच उरकली. पुढच्या तिमाहीचं गिऱ्हाईक या तिमाहीत आलं. बाबा, मला हेच सांगायचं आहे. बातमी चांगली की वाईट हे आपल्याला कळतं, पण ती भावात आधीच किती धरलेली आहे हे कळत नाही.

भावाचंही सांगते. सध्या एक शेअर साधारण ४३० डॉलर, म्हणजे अडतीस हजार रुपयांच्या आसपास. एका शेअरमागे कंपनीला वर्षाला जो नफा होतो त्याच्या दोनशे पटींहून जास्त. मारुतीचा भाव तीस-पस्तीस पटींवर आहे. एवढी किंमत लोक आजच्या गाड्यांसाठी देत नाहीत. ते चालकाविना धावणाऱ्या टॅक्सीसाठी आणि यंत्रमानवासाठी देतात. इलॉन मस्क यांनी २०१९ मध्ये सांगितलं होतं की पुढच्या वर्षी अशा दहा लाख टॅक्सी रस्त्यावर असतील. सुरुवात झाली ती या जूनमध्ये, ऑस्टिन शहरात, मोजक्या गाड्यांनी. होईल, नाही असं मी म्हणत नाही. पण किती वर्षांनी, यावर आपली ठेव टांगायची?

आणि मधली वर्षं कशी जातात तेही पाहा. २०२२ या एका वर्षात हा शेअर पासष्ट टक्के उतरला. गेल्या डिसेंबरात ४८० डॉलरच्या घरात होता, मार्चमध्ये निम्म्याहून खाली. ज्यांनी धरून ठेवला त्यांना परत मिळालं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण धरून ठेवायला मधल्या काळात दुसरे पैसे लागतात. ही कंपनी २०१० मध्ये बाजारात आली, तेव्हापासून आजपर्यंत तिने एकदाही लाभांश दिलेला नाही. औषधं, विजेचं बिल, लग्नामुंजींचे आहेर, हे सगळं आज त्या ठेवीच्या व्याजातून निघतं. ते बंद होईल, आणि लागतील तेव्हा शेअर विकावे लागतील, भाव असेल तो घेऊन.

लिहावं की नाही म्हणून हे दोनदा खोडलं. २०११ मध्ये खनिज वाहायला दुसरा टिपर घेतलात तेव्हा तुम्हाला खनिजातलं सगळं कळत होतं. कुठल्या खाणीत कसा माल आहे, आमोण्याच्या जेटीवर किती बार्जेस लागल्या आहेत, चीनचा भाव काय चाललाय, हे तुम्ही हातातली मूठभर माती पाहून सांगायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. अंगणात दोन ट्रक उभे, हप्ता चालू, आणि आईच्या पाटल्या गेल्या. तुमची चूक नव्हती, बाबा, तेव्हाही मला तसं वाटलं नाही. पण सगळं एकाच ठिकाणी होतं. डोळ्यांदेखतच्या धंद्यात जे झालं, ते सात समुद्रांपलीकडच्या कंपनीत होणार नाही असं मला धरता येत नाही.

आई सांगते, तुम्ही रात्री एक-दीडपर्यंत मोबाईल घेऊन बसता. तिथला बाजार आपल्या संध्याकाळी सातला उघडतो आणि दीडला बंद होतो, ते कळतं. पण रक्तदाबाची गोळी घेऊन जागरण नको. अजून एक रुपयाही गुंतवलेला नाही तर ही अवस्था, गुंतवल्यावर काय होईल?

मी असं सुचवते. चार लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत. व्याज ८.२ टक्के, दर तिमाहीला ८,२०० रुपये खात्यात येतील. दोन लाख वर्षाच्या साध्या ठेवीत, कारण आईच्या गुडघ्याचं डॉक्टर कधीही सांगतील आणि पोस्टातले मुदतीआधी काढले तर कापतात. आई, तू "माझं काय, चालतंय" म्हणशील. जिना उतरताना तू भिंत धरतेस ते मी पाहिलंय.

आणि टेस्लाचा एक शेअर मी घेते, माझ्या पैशाने, माझ्या नावावर. परदेशी शेअर असला की आयकराच्या विवरणपत्रात वेगळा तक्ता भरावा लागतो, साधा फॉर्म चालत नाही. ते माझं रोजचंच काम आहे. त्याच्यावर लक्ष मात्र तुम्ही ठेवायचं. त्यांचे तिमाही निकाल २२ तारखेला, म्हणजे पाडव्याला, बाजार बंद झाल्यावर येतील. आपल्याकडे तेव्हा भाऊबीज उजाडायला आली असेल. जागू नका, सकाळी चहाबरोबर आपण दोघं वाचू. गाड्यांमागे सुटणारा नफा वाढला की घटला, आणि दुसऱ्या गाडी कंपन्यांना प्रदूषणाची क्रेडिट्स विकून किती आले, हे दोन आकडे आधी बघायचे. नियम न पाळल्याचा दंड टाळायला त्या कंपन्या ही क्रेडिट्स विकत घेतात. २०२४ मध्ये त्या क्रेडिट्सचेच २७६ कोटी डॉलर आले होते, आणि या जुलैच्या कायद्याने तिथला दंडच शून्यावर आणला, तेव्हा हा झरा आटत जाणार. तुम्ही इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगायचा, हेही तुम्हाला लवकर उमगेल.

शनिवारी १८ तारखेला दुपारच्या बसने येते. नवे पोहे कांडून आणले असतील तर आई, दूध-गुळाचे माझ्यासाठी ठेव. बाबा, ठेवीची पावती आणि तुमचं पॅन कार्ड वरच्या खणात काढून ठेवा. सोमवारी नरकचतुर्दशी, पोस्ट बंद असेल. फॉर्म मी इथूनच आणते, सही तेवढी तुमची.

तुमची,
बाय