माई, ते झेरॉक्सचं पान अजून माझ्या खिशात आहे

आदरणीय माई,

नाव घालू नका म्हणालात, म्हणून घालत नाही. पेडण्यात तुम्हाला ओळखणारे ओळखतील. पत्र मात्र उघडं लिहितोय, कारण आमच्या घरात मुलाच्या व्यसनाची गोष्ट दोन वर्षं दार लावूनच चालली होती आणि त्याचा फायदा फक्त पुडी विकणाऱ्याला झाला.

मी गोव्यात डिचोलीतल्या मराठी शाळेतला मास्तर. दर २६ जूनला मुलांकडून नशामुक्तीची शपथ म्हणवून घ्यायचो. ड्रग्ज म्हणजे हणजूण, वागातोर, किनाऱ्यावरचे परदेशी, हे आम्हा आतल्या तालुक्यांतल्या लोकांचं पक्कं गणित. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राबद्दल वर्षानुवर्षं वाचत आलो होतो. १९८६ साली ते कसं सुरू झालं ते इतर शिक्षकांना रंगवून सांगायचो. आणि घरात माझा एकवीस वर्षांचा मुलगा हॉटेलातली ड्युटी संपवून आला की तासभर न्हाणीघरात बसायचा. चपात्या गुंडाळायचा चांदीचा कागद आठवड्यात संपतो कसा, याचा हिशेब मी बायकोला विचारायचो! गर्द, म्हणजे चांदीच्या कागदावर जाळून ओढतात ते अशुद्ध हेरॉइन, हा शब्द मला छापलेला ओळखता येत होता, घरातला नाही.

त्याला पकडलं तेव्हा खिशात दोन ग्रॅमसुद्धा नव्हतं. मी नात्यातल्या एकाच्या ओळखीने वकील गाठला. त्याने सल्ला दिला, पुडी आपली नव्हेच म्हणायचं. व्यसनी आहे असं एकदा कागदावर आलं की मुलाला मुलगी कोण देणार? मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, फार पटलं.

तुम्ही भेटलात ते कोर्टाच्या व्हरांड्यात. दुसऱ्याच कुणाच्या मुलासाठी आला होतात. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. तुम्ही ना नाव विचारलंत ना गुन्हा. ‘चेडो जेवला?’ एवढंच विचारलंत. मला उत्तर माहीत नव्हतं. जामीन, वकिलाची फी, उद्याचं वर्तमानपत्र, या सगळ्याचा विचार मी केला होता. तो जेवला का, हे विचारलं नव्हतं.

मग पिशवीतून ते पान काढलंत. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५, कलम ६४ अ. घडीवर फाटलेलं, हळदीचा डाग पडलेलं. तुम्ही ते शाळेतल्यासारखं बोट ठेवून वाचून दाखवलंत, आणि शाळामास्तर मी! सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट टाकले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं. हेरॉइनच्या बाबतीत अल्प प्रमाण म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत. २५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण, त्याची शिक्षा वेगळी आणि जबर. दोषी ठरल्यावरसुद्धा कलम ३९ खाली न्यायालय तुरुंगाऐवजी बंधपत्रावर उपचाराला पाठवू शकतं, हेही तुम्हीच सांगितलंत. इतकी वर्षं कायद्यात आहे हे सगळं. आम्हाला ठाऊक होतं ते फक्त ‘आत टाकतात’ एवढंच.

पण त्यासाठी आधी कबूल करायला हवं होतं की आमचा मुलगा व्यसनी आहे. तिथेच माझी जीभ अडली. तेव्हा तुम्ही स्वतःचं सांगितलंत.

तुमच्या मुलाला तुम्हीच पोलिसांच्या हवाली केलं होतंत. घरातलं सोनं गेलं, मग गॅसचं सिलिंडर गेलं, आणि एका रात्री तुम्ही फोन उचललात. चार दिवस आत राहिला की सरळ होईल, असं वाटलं. तुरुंगात नाक गळतंय, हाडं मोडल्यासारखी दुखतायत, पोट धरून लोळतोय, आणि आजूबाजूचे हसतायत, असे पहिले दिवस त्याने औषधाविना काढले. बाहेर आला तेव्हा आधी एकच विकणारा ओळखीचा होता, आता पाच होते. तो आज बरा आहे, कामाला जातो. तुमच्याशी मात्र मोजकंच बोलतो. ‘मी त्याला वठणीवर आणायला गेले,’ म्हणालात आणि पान घडी करून माझ्या हातात ठेवलंत. त्यानंतर मी वकिलाला जे सांगायचं ते सांगितलं.

आणखी एका गोष्टीपासून वाचवलंत. बायकोच्या भावाने एक खासगी केंद्र शोधलं होतं, भिंती उंच, महिन्याचे पैसे आगाऊ, भेटायला बंदी. तुम्ही दोनच प्रश्न विचारायला लावलेत: सरकारमान्यता आहे का, आणि डॉक्टर रोज येतो का? फोन ठेवून दिला त्यांनी.

बांबोळीला नेलं. मानसोपचाराच्या इस्पितळाच्या फाटकाशी बायकोने पदर तोंडाला लावला. कुणी ओळखीचं बघितलं तर? अंगातून विष निघायचे ते आठ-दहा दिवस मी विसरणार नाही. पण खरी लढाई त्यानंतरची, हे तुम्ही आधीच बजावलं होतंत. सवय तुटलेल्या शरीराला जुना डोस झेपत नाही, म्हणून इस्पितळातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यावरचे पहिले आठवडे सगळ्यांत धोक्याचे. डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सुरू केली, जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत नर्ससमोर गप्प बसायचं. मी कुरकुरलो, एक नशा काढून दुसरी लावली. तुम्ही फोनवर म्हणालात, ‘मास्तर, तो सकाळी उठून दाढी करतो का ते बघा, गोळीचं डॉक्टरला बघू द्या.’ करत होता दाढी.

आमच्या ग्रामसभेत तुम्ही आलात ती दुपार तर गावात अजून निघते. कुणीतरी ओरडलं, असल्या पोरांना सरळ तुरुंगात टाका. तुम्ही त्याला विचारलंत, ‘भाऊ, तुमच्या घरात पोर्तुगीज पासपोर्ट कितीजणांनी काढलाय?’ तीन हात वर झाले, हसत. मग सांगितलंत की त्याच पोर्तुगालने २००१ पासून दहा दिवस पुरेल इतका साठा जवळ सापडला तर त्याला फौजदारी गुन्हा मानणं सोडलं. मनाई आहेच, पण माणूस न्यायाधीशापुढे न जाता आरोग्य खात्याच्या समितीपुढे जातो आणि तिथून उपचाराकडे वळवला जातो. विकणाऱ्याला तिथेही तुरुंगच. ‘साडेचारशे वर्षं त्यांचं सगळं घेतलंत, पाव घेतलात, हे तेवढं का नको?’ हशा पिकला, आणि हशा ओसरल्यावर मागच्या बाकावरची एक बाई रडत होती. विकणाऱ्याला सोडा असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. ही गोष्ट तुमच्या नावाने चुकीची सांगतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या दिवसांत तो पुन्हा घसरला. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला शिडीवर चढला आणि मला त्याचे डोळे दिसले, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या. मी त्याची बॅग अंगणात फेकली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही. बायकोनेच फोन केला. तुम्ही पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली अशा दोन बसेस बदलून संध्याकाळी आलात, पावसात भिजून. मला एक शब्द बोलला नाहीत. अंगणातली बॅग उचललीत, आत नेलीत, ओले कपडे दांडीवर वाळत घातलेत आणि त्याच्यासाठी डब्यातून आणलेली पेज काढलीत. माई, त्या न बोलण्याचा मला राग आला होता. आता त्याचेही आभार मानतो.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरांनी आदळआपट केली नाही, डोस बघितला, तारीख लिहून दिली. न्यायालयात उपचाराचे कागद लावले, खटला पुढे चालला नाही. मुलगा सध्या एका ओळखीच्याच्या गॅरेजमध्ये जातो. बरा झाला असं मी म्हणत नाही. तुम्हीच तो शब्द वापरू देत नाही.

हे वाचणाऱ्या आईबापांपैकी कुणाला सुरुवात कुठून करायची कळत नसेल, तर १४४४६ हा केंद्र सरकारचा निःशुल्क फोन आहे. आणि कोर्टात जायच्या आधी ६४ अ वाचा.

तुम्ही मला दिलेली ती प्रत आता वाचता येत नाही इतकी पुसट झाली, म्हणून डिचोलीच्या बाजारात नव्या वीस काढल्या. दुकानदाराने वर बघून विचारलं, ‘मास्तर, परीक्षेचं काय?’ मी म्हटलं, नाही, मुलाचं आहे. पहिल्यांदाच म्हटलं असं, मोठ्याने.

रविवारी पहिल्या बसने निघतो. दहा प्रती तुमच्या पिशवीसाठी. तुमचा पेजेचा डबाही तेव्हापासून आमच्याकडेच आहे, तोही आणतो. मुलगा सोबत येईल की नाही ते विचारलेलं नाही. त्याचं त्याला ठरवू दे.

आपला,
डिचोलीचा मास्तर