आधी त्याला विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोबाइलच्या हालचालींवरून माणसाच्या मनाची अवस्था ओळखता येते, असा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. बी.कॉम.ला दोनदा गचकलेल्या माझ्यासारख्यालाही तो नीट समजला, त्याबद्दल आभार. पण ज्याच्या खिशात तो मोबाइल असतो, त्याची बाजू त्यात कुठे दिसली नाही. म्हणून हे पत्र.

माझ्या धाकट्या भावाला गेली चोवीस वर्षं स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या वेळेवर चालू असल्या की तो घरचं दळण आणतो, आपल्या पेपरातलं शब्दकोडं सोडवतो आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास चालत कराडच्या प्रीतिसंगमावर जातो. पायऱ्यांवर नदीकडे तोंड करून बसतो आणि आठला परत येतो. हे वेळापत्रक बिघडलं की आम्ही सावध होतो. आधी दोन-चार दिवस तो जातच नाही. मग रात्री अडीच-तीनला उठून जातो. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत आजार उलटतो.

आई होती तोवर तिचं यंत्र म्हणजे दारातल्या चपला. रात्री झोपण्याआधी ती त्याच्या चपला टाचा भिंतीकडे करून ठेवायची. सकाळी त्या फिरलेल्या दिसल्या, किंवा पट्ट्यांना ओली वाळू लागलेली असली, की एसटी डेपोत मला फोन यायचा, "आज लवकर ये." ती फसली एकदाच. त्या पहाटे पाण्याची मोटर लावायला त्याच्या चपला घालून मीच गेलो होतो.

त्यामुळे हार्वर्डच्या संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाबद्दल मुलीने मला सांगितलं, तेव्हा नवल वाटलं नाही. स्किझोफ्रेनियाच्या 17 पेशंटांच्या मोबाइलवरून त्यांनी तीन महिन्यांपर्यंत माहिती गोळा केली: कुठे गेला, किती फिरला, फोन-मेसेज किती केले. आजार उलटण्याआधीच्या दोन आठवड्यांत नेहमीपेक्षा वेगळ्या वागण्याच्या खुणा इतर काळापेक्षा 71 टक्के जास्त सापडल्या. सतराच माणसं, म्हणजे फार उड्या मारू नयेत. पण त्यातली एक गोष्ट मला पटली. या पेशंटची तुलना त्या पेशंटशी केली नाही, ज्याची त्याच्याच रोजच्या दिवसांशी केली. आई तरी दुसरं काय करत होती?

आता माझी चूक सांगतो.

आई गेल्यावर चपलांकडे बघणारं कुणी उरलं नाही. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला मुलगी पुण्याहून आली होती. मी तिला म्हणालो, "काकाच्या मोबाइलवर ते लोकेशनचं काहीतरी करून दे." तिने "काका, अपडेट करून देते" म्हणून त्याचा फोन घेतला आणि दोन मिनिटांत काम केलं. त्या दिवसापासून तो कुठे आहे ते माझ्या फोनवर ठिपक्यात दिसू लागलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. एसटीत बत्तीस वर्षं काढली, त्यातली अकरा वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी कुठे आहे हे बघत बसणं हेच माझं काम. ठिपका संगमावर गेला, ठिपका घरी आला, मी जेवायला बसायचो.

पाच आठवडे हे चाललं. मग एका संध्याकाळी माझ्या तोंडून निघून गेलं, "आज मार्केट यार्डाकडून कसा काय आलास?"

तो चपला काढत होता. एक पायात, एक हातात. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "म्हणजे खरंच आहे तर."

ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना याचा अर्थ सांगावा लागणार नाही. कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय, ही त्याच्या आजाराची मुख्य तक्रार. तुझ्यावर कुणी नजर ठेवत नाही, हे आम्ही आणि डॉक्टर त्याला वर्षानुवर्षं समजावत आलो. आणि मी स्वतः, त्याचा सख्खा दादा, खिशात ठिपका घेऊन फिरत होतो. त्याने मोबाइल कृष्णेच्या पुलावरून खाली टाकला. माझ्या हातची गोळी घेणं बंद केलं, कारण आता मीही त्यांच्यातलाच. पुढचे एकोणीस दिवस दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "त्याला विचारलं होतं का?" एवढंच विचारलं, आणि केसपेपर लिहायला घेतला.

संशोधक मंडळी असं करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांचा असाच अभ्यास बॉस्टनबरोबर बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत आणि भोपाळमध्येही झाला. भोपाळचं काम 1996 साली गोव्यात सुरू झालेल्या संगथ या संस्थेने केलं. तिथे रीतसर संमती घेतात. माझी धास्ती त्याच्या पुढची आहे. अभ्यास संपेल, मग त्याचं ॲप होईल आणि ते काळजीपोटी घाबरलेल्या माझ्यासारख्या भावांच्या हाती पडेल. तिथे संमतीचा कागद नसतो. "अपडेट करून देते" असतं.

शिवाय ठिपका कारण सांगत नाही. शेवटच्या काही वर्षांत आमच्या गाड्यांनाही जीपीएस बसवलं. चिपळूणची गाडी कुंभार्ली घाटात पाऊण तास उभी दिसली, तर ती पंक्चर आहे, दरड आलीय, की नुसती रेंज गेलीय, हे पडद्यावर कळत नाही. ड्रायव्हरला विचारावं लागतं, आणि तेही नीट शब्दांत. चौकशी असेल तर तो सांगतो. आरोप वाटला तर "गाडी गरम झाली होती" म्हणतो, विषय संपतो.

नैराश्यावरचा 2015 चा अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा अभ्यासही मुलीने दाखवला. 40 जण घेतले, दोन आठवडे. पुरेशी माहिती मिळाली 28 जणांची. ज्यांना नैराश्याचा त्रास जास्त, त्यांचं फिरणं कमी ठिकाणी आणि अनियमित, असा त्याचा गोषवारा. असेल. पण आमच्या सौभाग्यवतींचा मोबाइल सकाळी फ्रिजवर चार्जिंगला लागतो तो रात्रीच उतरतो. मधल्या वेळात त्या गच्चीवर पापड वाळवतात, दोन घरं सोडून भिशीला जातात, भाजी आणतात, महिला मंडळात भांडतात. मोबाइलला विचाराल तर बाई चार दिवसांत हललेली नाही.

"नाव काढून टाकलं की कुणाला कळणार नाही," असंही लेखात होतं. याबद्दल मात्र जरा तपासून लिहायला हवं होतं. 2013 साली सुमारे पंधरा लाख मोबाइलधारकांच्या नोंदी तपासून संशोधकांनी दाखवलं, की वेळ आणि जागा मिळून चार नोंदी हाती असल्या तर 95 टक्के माणसं गर्दीतून वेगळी काढता येतात. आमच्याकडे तर चारही नकोत. मानसोपचाराचा दवाखाना, ठरलेलं मेडिकल दुकान आणि संध्याकाळी सहाचा संगम. कराडात कुणालाही विचारा.

कायदा अगदीच नाही असं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 23 मध्ये आजाराविषयीची गोपनीयता हा पेशंटचा हक्क म्हटलाय. कलम 5 तर मला फारच आवडलं. आजार उलटला तर माझी काळजी कशी घ्यावी आणि कशी घेऊ नये, हे पेशंटने बरा असताना आधीच लिहून ठेवायचं. आमच्या ओळखीत एकाही घराने असा कागद केलेला नाही. उलट 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा, कडक कप्पाच नाही. 2019 च्या विधेयकात तो होता, पुढे गळाला. मोबाइलवरून मन ओळखायची यंत्रणा आणायची असेल, तर कलम 5 च्या धर्तीवर आणावी: माझी हालचाल कुणी बघावी, किती दिवस, आणि धोक्याची घंटा वाजली तर पहिला फोन कुणाला जावा, हे पेशंटच्याच अक्षरात. बंद करायचं बटणही त्याच्याच हातात.

तसा कागद आम्ही घरी केलाय. कायद्याच्या नमुन्यात नाही, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आहे. त्याने लिहिलंय: "तीन दिवस संगमावर गेलो नाही तर दादाने विचारावे. एकदाच. पाचव्या दिवशी डॉक्टरांना फोन. मोबाइलला हात लावू नये." गेल्या श्रावणात चौथ्या दिवशी मी काही बोलायच्या आत त्यानेच बाईंना फोन लावला. गोळी वाढवली, दवाखाना टळला. दर वेळी असंच होईल, असं मी म्हणत नाही.

हे पत्र पाठवण्याआधी त्याला वाचायला दिलं. गावाचं नाव राहू दे म्हणाला, दवाखान्याचं नको. दोन ओळी खोडल्या, त्या इथे नाहीत. आणि संगमावरून "साडेसातला परत येतो" असं मी लिहिलं होतं, ते काट मारून आठ केलं.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, कराड
(नाव छापू नये, ही विनंती.)