सामर्थ्य कशासाठी हवंय, ते आधी सांग

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण तुझा प्रश्न दोन ओळींत निकालात काढण्यासारखा नव्हता. रविवारी मंडळीत हात उंचावून गातो आणि सोमवारी कामावर पोचलो की माझ्यात आणि बाकीच्यांत काडीचा फरक उरत नाही, तसाच चिडतो, तशीच थाप मारतो, रात्री तसाच फोन चाळत पडतो, असं तू लिहिलंस. आणि शेवटी विचारलंस, पवित्र आत्मा मला मिळालाय म्हणतात, तो खरंच मिळालाय का?

याचं ठरलेलं उत्तर तुला कुणीही देईल: प्रार्थना कमी पडते. ते खोटं नाही. पण तेवढंच असतं, तर जॉन वेस्लीच्या बाबतीत जे घडलं त्याचा उलगडा होत नाही.

वेस्ली म्हणजे ज्याच्या कामातून मेथडिस्ट मंडळी उभी राहिली तो. १७३५ च्या अखेरीस तो जहाजानं अमेरिकेतल्या जॉर्जियाला निघाला, तेव्हा रीतसर दीक्षा झालेला इंग्लिश पाळक होता. ऑक्सफर्डला असताना आठवड्यातून दोन उपास, तुरुंगात कैद्यांच्या भेटी, सगळं काटेकोर. जहाजावरही पहाटे चार ते पाच एकांतात प्रार्थना आणि मग शास्त्रवाचन, असा दिवस बांधलेला. आपल्यापैकी कुणाचीच प्रार्थना त्याच्या पासंगाला पुरणार नाही. त्याच जहाजावर मोरेव्हियन पंथाचे काही जर्मन होते. २५ जानेवारी १७३६, रविवार. त्यांची उपासना सुरू झाली, स्तोत्र चाललं होतं, तेवढ्यात समुद्र जहाजावर चढला. मोठं शीड फाटलं, पाणी आत कोसळू लागलं. इंग्लिश प्रवाशांची किंकाळ्यांनी दाणादाण उडाली. जर्मन गातच राहिले. नंतर वेस्लीनं त्यांच्यातल्या एकाला विचारलं, भीती नाही वाटली? तो म्हणाला, देवाची कृपा, नाही वाटली. बायकामुलांना? नाही, आमच्या बायकामुलांना मरणाची भीती नाही.

ही गोष्ट उपदेशात नेहमी येते आणि वादळापाशीच संपते. मला तिचा आधीचा भाग जास्त मोलाचा वाटतो. वेस्लीनं त्याच दिवशीच्या रोजनिशीत तोही लिहून ठेवलाय. या लोकांकडे तो खूप आधीपासून बघत होता. इंग्लिश प्रवाशांपैकी कुणी हातही लावला नसता अशी हलकी कामं ते दुसऱ्यांसाठी करायचे, पैसे देऊ केले तर घ्यायचे नाहीत. म्हणायचे, आमच्या गर्विष्ठ मनाला हे बरं आहे. कुणी ढकललं, मारलं, खाली पाडलं, तर उठून निघून जायचे. तोंडातून तक्रार नाही. वेस्लीच्या लक्षात आलं होतं की गर्व, राग आणि सूड यांतून हे लोक सुटलेले दिसतात. वादळात एवढंच कळायचं राहिलं होतं, की भीतीतूनही सुटलेत का.

म्हणजे त्यांचं सामर्थ्य वादळात आलं नाही. ते रोज झाडलोट करताना होतंच, फक्त त्याला सामर्थ्य म्हणावं असं कुणाला सुचलं नव्हतं.

इथेच मला तुझ्याशी बोलायचंय. तुला सामर्थ्य हवंय, पण ते कशासाठी, हे पत्रात कुठेच नाही. प्रेषित पौलानं कलस्सै गावच्या विश्वासणाऱ्यांसाठी केलेली प्रार्थना काढून बघ, पहिला अध्याय, अकरावं वचन. सुरुवात अशी दणदणीत आहे की वाटतं, आता डोंगर हलणार. देवाच्या गौरवाच्या पराक्रमानुसार सर्व सामर्थ्यानं तुम्ही बलवान व्हावं, म्हणतो तो. आणि हे सगळं कशाकरता? धीर आणि सहनशक्ती यावी म्हणून, तीही आनंदानं. वचन तिथेच थांबतं. ना चमत्कार, ना यश. एवढा मोठा पराक्रम कशासाठी, तर न वैतागता टिकून राहता यावं म्हणून! लहानपणापासून ऐकलेल्या वचनांत हे फारसं कुणी भिंतीवर लावलेलं मला दिसलं नाही. कारण उघड आहे. सहनशक्ती कुणाला हवी असते? आपल्याला तो त्रासच नको असतो.

आपल्या प्रार्थना-विनंत्यांची यादी आठव. आजार बरा होऊ दे, परीक्षा पार पडू दे, नोकरी टिकू दे. मागायला हरकत नाही, प्रभूनं रोजची भाकर मागायला शिकवलंच आहे. पण आता प्रेषितांच्या कृत्यांचा चौथा अध्याय शेजारी ठेव. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यांना यहूदी धर्मसभेनं दम देऊन सोडलंय, पुन्हा येशूच्या नावानं बोलाल तर खबरदार. ते परत येतात, सगळे मिळून प्रार्थना करतात. या धमक्यांतून वाचव, असं कुणी म्हणत नाही. हे प्रभू, त्यांच्या धमक्यांकडे बघ आणि तुझ्या दासांना तुझं वचन पूर्ण धैर्यानं बोलू दे, असं मागतात. हात लांब करून बरं करण्याचं आणि चिन्हांचंही मागतात, पण स्वतःसाठी मागितलं ते धैर्य. जागा हालली आणि ते सगळे आत्म्यानं भरले. अरे, हेच लोक आधी पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, पेन्टेकॉस्टला, आत्म्यानं भरले होते की! पुन्हा भरायची गरज पडली, कारण पुन्हा खर्च होण्यासारखं काम समोर होतं. आपलं काय होतं? आपण दिवसच असा आखतो की देवाची गरज पडू नये. जेवढं स्वतःच्या बळावर जमेल तेवढंच बोलायचं, तेवढंच द्यायचं, तेवढ्यांशीच पटवून घ्यायचं. मग रविवारी सामर्थ्य मागायचं आणि ते जाणवत नाही म्हणून खंत करायची. वापरणार कुठे होतास?

त्याच अध्यायात आणखी एक गंमत आहे. तेहतिसावं वचन सांगतं, प्रेषित मोठ्या सामर्थ्यानं प्रभूच्या पुनरुत्थानाची साक्ष देत होते. आणि लगेच चौतिसावं: त्यांच्यात कुणी गरजू नव्हता. ज्यांच्या जमिनी, घरं होती ते विकून पैसे आणून देत. मोठं सामर्थ्य आणि सैल झालेल्या थैल्या, लागून. सामर्थ्याच्या सभांमध्ये पहिलं वचन मोठ्यानं वाचतात आणि दुसऱ्यापाशी वाचणाऱ्याला खोकला येतो. (हे मी जरा तिखट लिहिलं, पण खोडत नाही.)

आता प्रार्थनेचं. मार्कच्या नवव्या अध्यायात शिष्यांना एका मुलातला अशुद्ध आत्मा काढता आला नाही. त्याआधी, सहाव्या अध्यायात, येशूनं त्यांना तोच अधिकार दिला होता आणि त्यांनी पुष्कळ भुतं काढलीही होती. त्यामुळे या वेळीही जमेल, असं त्यांना वाटलं असणार. प्रभूनं सांगितलं, हा प्रकार प्रार्थनेवाचून निघत नाही. गंमत अशी, की त्यानं स्वतः तिथे गुडघे टेकून लांब प्रार्थना केल्याचं लिहिलेलं नाही, नुसता हुकूम केला. त्याची प्रार्थना आधीच झालेली होती, पहाटे रानात, रात्री डोंगरावर. शिष्य कालच्या अनुभवावर चालले होते. आणि त्याच अध्यायात पुढे, कफर्णहूमला जाताना, वाटेत त्यांचा कशावर वाद चालला होता ठाऊक आहे? आपल्यात मोठा कोण. मुलगा तसाच तळमळत असताना हे हरले होते, आणि चारदोन वचनांनी पुढे मोठेपणाची वाटणी! प्रार्थना उणी पडते ती बहुतेक वेळा वेळ नसतो म्हणून नाही. स्वतःवर भरवसा शिल्लक असतो, म्हणून. वेस्लीचंही तेच झालं होतं. पहाटेची प्रार्थना होती, पण सगळा भार स्वतःच्या शिस्तीवर. पुढे २४ मे १७३८ ला लंडनमध्ये एका लहानशा सभेत रोमकरांस पत्रावरची ल्यूथरची प्रस्तावना कुणी वाचत असताना, आपला भरवसा आता केवळ ख्रिस्तावर आहे, असं त्याला जाणवलं. पाळक होऊन वर्षं लोटली होती तेव्हा.

आत्म्याच्या कृपादानांच्या वादात मी पडणार नाही. आत्म्याचा बाप्तिस्मा विश्वास ठेवताच होतो की नंतर, आत्म्यानं अनोळखी भाषा बोललंच पाहिजे की नको, यावर तुझे मित्र रात्रभर भांडू शकतील. मला करिंथची मंडळी पुरेशी आहे. पौल लिहितो, तुम्ही कोणत्याही कृपादानात उणे नाही. आणि त्याच पत्रात लिहितो, तुम्ही दैहिक आहात, तुमच्यात हेवा आणि भांडणं आहेत, भाऊ भावाला कोर्टात खेचतोय, प्रभुभोजनाच्या वेळी एक उपाशी आणि दुसरा प्यालेला. दानं भरपूर, रोजच्या जगण्यात सामर्थ्याचा पत्ता नाही. तेव्हा एखाद्या सभेत मोठं काही घडलं म्हणून घरातलं सुधारेल, असं धरून चालू नकोस.

जुन्या करारातल्या बलाढ्य शमशोनाची गोष्ट तर याहून भीतीदायक आहे. लोक म्हणतात, पाप केलं आणि शक्ती गेली. नीट वाच. गज्जात वेश्येकडे गेला, त्याच रात्री शहराची दारं खांबांसकट उपटून खांद्यावर नेली. शक्ती होती! पाप केलं तरी सामर्थ्य टिकलं, म्हणून त्याला वाटलं, चालतंय. आणि त्याचं जिच्यावर मन जडलं होतं त्या दलीलेच्या मांडीवरून उठला तेव्हा, नेहमीसारखा अंग झाडून सुटेन, म्हणाला. परमेश्वर आपल्याला सोडून गेलाय, हे त्याला कळलंसुद्धा नाही. तुला निदान कळतंय, काहीतरी उणं आहे. मला त्यात आशा दिसते. ज्याला आत्म्याचं सोयरसुतक नाही त्याला आत्मा खिन्न झाल्याची बोचणी कुठून लागणार? तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच.

आणि प्रत्येक अशक्तपणा म्हणजे उणीव, असंही नाही. पौलानं शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवलं. उत्तर मिळालं, माझी कृपा तुला पुरे आहे. काटा राहिला. तुला रात्री झोप येत नाही, मन उदास असतं, असं मागच्या महिन्यात म्हणालास, ते पाप समजून स्वतःला झोडपू नकोस. डॉक्टरांना दाखव. ती विश्वासाची हार नाही.

पण जे काटा नाही त्याला काटा म्हणू नकोस. कामावरची थाप काटा नाही, ती थाप आहे. रात्रीच्या फोनमध्ये काय असतं ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही, तुला ठाऊक आहे. जे मोडतंय ते नेमकं ठाऊक असताना सर्वसाधारण सामर्थ्य मागत राहायचं, हा आपणा विश्वासणाऱ्यांचा जुना धंदा आहे. मोघम पाप, मोघम पश्चात्ताप, मग सामर्थ्यही मोघमच. उद्या त्या एका माणसासमोर खरं बोलायला बळ दे, एवढं मागून बघ. मिळालं की नाही, ते संध्याकाळपर्यंत कळेल.

आणि दादा. तुझ्या अख्ख्या पत्रात त्याचं नाव नाही. त्या पैशांच्या गोष्टीपासून तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही आणि दोघंही मला मात्र नियमानं फोन करता. चूक कुणाची, ते मला विचारू नकोस, दोघंही माझेच आहात. मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, वेदीजवळ दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध, बरं का. तुझ्या मनात काय आहे, हे तिथे विचारलेलंच नाही. पेत्र तर नवऱ्यांना स्पष्ट बजावतो, बायकोला मानानं वागवा, नाहीतर तुमच्या प्रार्थनांत व्यत्यय येईल. घरातल्या अबोल्याचा प्रार्थनेशी काय संबंध, असं म्हणायची सोयच ठेवलेली नाही त्यानं.

त्या तीन दिवसांच्या सभेला जाऊ का, असं विचारलंस. जा. मी अडवणार नाही, देव कुठल्याही मांडवात भेटू शकतो. सभा शनिवारी सुरू होतेय म्हणालास. दादा शुक्रवारी कामावरून लवकर येतो. त्यानं नंबर बदललाय, नवा नंबर तुला वहिनीकडून मिळेल.

तुझी,
आई