कलम ४६ मध्ये ‘संमती’ आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समलिंगी व्यक्तींना सैन्यात घ्यावे की नाही, यावर वाचकांच्या पत्रांत चांगलीच जुंपली आहे. कायद्याचे पुस्तक मात्र कुणी उघडलेले दिसत नाही. समलिंगी माणसाला भरती करू नये, असे आर्मी ॲक्ट, १९५० मध्ये कुठेही लिहिलेले नाही. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात दाखल होणाऱ्या अग्निवीरांतही असे तरुण असणारच. अडचण येते ती नोकरीत असताना कुणाला कळले तर.

तेव्हा पुढे येते कलम ४६(अ): ‘क्रूर, अश्लील किंवा अनैसर्गिक’ प्रकारचे लाजिरवाणे वर्तन, शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद. ओझरच्या हवाई दलाच्या तळावरही एअर फोर्स ॲक्टचे असेच कलम लागू आहे. अधिकारी असेल तर ‘हुद्द्याला न शोभणारे वर्तन’ म्हणून कलम ४५ वेगळेच. प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, या सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने हे आपोआप मिटले, असे समजणे भाबडेपणाचे आहे. घटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार सैनिकांच्या मूलभूत हक्कांना संसद मुरड घालू शकते. त्या निकालानंतर चारच महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी लष्करात समलिंगी संबंध चालू देणार नाही, असे पत्रकार परिषदेत सांगितले होते. व्यभिचाराचे कलम रद्द झाले, तरी सैन्यदले त्याबद्दल कारवाई करू शकतात, हेही सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी स्पष्ट केले.

मग ४६(अ) सरळ काढून टाका, असे म्हणणारे घाई करतात. ‘अनैसर्गिक’ या शब्दाला संमतीशी देणेघेणे नाही. सुटीत, खासगी खोलीत, राजीखुशीने एकत्र आलेले दोन प्रौढ आणि रिक्रूटवर जबरदस्ती करणारा उस्ताद (प्रशिक्षक), दोघांनाही तेच कलम लागू शकते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुन्या दंड संहितेतील ‘अनैसर्गिक’ संबंधांच्या कलम ३७७ ची जागा घेणारे कलमच नाही आणि बलात्काराची व्याख्या फक्त स्त्री पीडितेपुरती आहे. म्हणजे पुरुषाने पुरुष जवानावर अत्याचार केला, तर मारहाण-दुखापतीची कलमे सोडून ४६(अ) हाच मोठा आधार उरतो. तेव्हा कलम ठेवावे, पण नव्याने लिहावे. जबरदस्ती, हुद्द्याचा गैरवापर, हाताखालच्या माणसाशी आणि ड्युटीवर केलेले लैंगिक वर्तन हे गुन्हे. जोडी स्त्री-पुरुषाची असो की समलिंगी. बाकी काही नाही.

खरी मेख खटल्यात आहे. जवानाचे प्रकरण समरी कोर्ट मार्शलपुढे (युनिटमध्येच चालणाऱ्या झटपट लष्करी खटल्यात) गेले, तर तिथे कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायाधीश. तो लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा असेल, तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, बडतर्फही करू शकतो. मदतीला ‘आरोपीचा मित्र’ म्हणून एक जण मिळतो, पण त्याला बाजू मांडता येत नाही. दाद मागायची ती नंतर, मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात. त्यात अग्निवीराची नोकरी चार वर्षांची आणि पुढे कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. ‘साहेबांना सांगू का?’ एवढी धमकी अशा मुलाला पुरते. समलिंगी सैनिक ब्लॅकमेलला बळी पडेल म्हणून नको, हा युक्तिवाद मग उफराटा ठरतो, कारण ब्लॅकमेलचे हत्यार याच कलमाने पुरवले आहे.

शिस्त बिघडेल, ही भीती ब्रिटनलाही होती. सप्टेंबर १९९९ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने फटकारल्यावर १२ जानेवारी २००० रोजी ब्रिटिश सैन्यातली समलिंगींवरची बंदी उठली आणि सर्वांना एकच कसोटी लागली: वर्तनामुळे युनिटच्या कामगिरीला बाधा येते का? आपल्याकडे ‘खेड्यातले जवान स्वीकारणार नाहीत’ हे कारण महिला अधिकाऱ्यांच्या बाबतीतही दिले गेले होते. ते २०२० मध्ये न्यायालयात टिकले नाही. लष्कराच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर (लष्करी हेलिकॉप्टरच्या वैमानिक) २०२२ मध्ये आपल्या नाशिकच्या गांधीनगरमधील प्रशिक्षण शाळेतूनच बाहेर पडल्या आणि २०२३ मध्ये तोफखान्यात महिला अधिकारी आल्या.

कायदा बदलायला संसद लागेल. पण तोपर्यंत संमतीच्या प्रकरणात वरिष्ठ मुख्यालयाच्या मंजुरीशिवाय ४६(अ) लावू नये आणि समरी कोर्ट मार्शल तर नकोच, एवढी सूचना संरक्षण मंत्रालयाला काढता येईल.

एक वाचक,
देवळाली कॅम्प, नाशिक