तळहाताचं मलम तळहातालाच

जळगाव

प्रिय बाळू,

कसा शे भाऊ? वहिनींचा फोन आला होता. आखाजीला खापरावरचे मांडे खायला या म्हणाल्या आणि त्याच दमात तुझं गाऱ्हाणंही सांगितलं. हाताच्या भेगांवर डॉक्टरांनी दिलेलं मलम तू मध्येच सोडलंस, कारण कोणीतरी मोबाइलवर ‘स्टिरॉइड आहे, कातडी जाळतं’ असा व्हिडिओ पाठवला. आणि तीच ट्यूब आता तुझा शालक जांघेतल्या गजकर्णाला लावतोय! ज्याला हवं तो लावत नाही आणि ज्याने हातही लावू नये तो चोपडतोय. फोनवर तू ‘हो हो’ करून मोकळा होशील, म्हणून लिहायला बसलो. मेडिकलच्या काउंटरमागे निम्मं आयुष्य गेलं माझं, एवढं बोलायचा हक्क आहे.

आधी तुझं. हो, ते स्टिरॉइडच आहे. क्लोबेटासोल, त्यातही सगळ्यात जहाल गटातलं. पण डॉक्टरांनी ते उगाच नाही लिहिलं. तळहाताची कातडी जाड. केळीचा चीक, खतं, सकाळपासूनचं ओलं काम, यांनी ती सुजते, कोरडी पडते, तडकते. हलकं मलम तिथे वरच्या वर राहतं. कुठल्या जागी किती मुरतं याचं जुनं मोजमापच आहे. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाक या अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड अंगावर वेगवेगळ्या जागी लावून पाहिलं. मनगट ते कोपर या भागात जेवढं मुरतं ते १ धरलं, तर तळहातावर त्याहून थोडं कमीच. कपाळावर मात्र ६ पट, जबड्याच्या कोपऱ्यावर १३ पट, आणि अंडकोषाच्या कातडीवर ४२ पट. हा आकडा शालकाला मोठ्याने वाचून दाखव.

आता मात्रा. आपल्याकडे मलम म्हटलं की बोटभर घ्यायचं आणि चोळायचं. तसं नाही. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढ. ते साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि तुझ्या दोन्ही तळव्यांना बोटांसकट पुरतं. दिवसातून एकदाच लावायचं असेल तर ३० ग्रॅमची ट्यूब २ आठवड्यांत निम्मीसुद्धा संपायला नको. संपली, तर कुठेतरी जास्त जातंय असं समज (किंवा घरात दुसरा कोणी लावतोय, जे तुझ्याकडे चालूच आहे). या औषधाला सलग २ आठवडे ही मर्यादा धरतात. पुढे किती दिवसांआड लावायचं, बंद कधी करायचं, ते डॉक्टर सांगतील. मध्ये सोडलंस म्हणून त्यांना एक फोन कर आणि परत सुरू कर.

रात्री सगळी कामं आटोपल्यावर लाव. लावल्यावर डोळे चोळायचे नाहीत. हे मलम डोळ्यांच्या आसपास बरेच दिवस जात राहिलं तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदूही होतो. त्या हातांनी नातवाला घ्यायचं नाही. नातवाच्या लंगोटाखाली लाल झालंय म्हणून वहिनींनी ही ट्यूब उघडली, असं तर बिलकूल होऊ देऊ नकोस. डायपरखाली औषध दाबलं जातं आणि कितीतरी जास्त मुरतं. याच कारणाने, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मलमावर प्लास्टिकचे हातमोजेही चढवू नकोस. दिवसा मात्र ओल्या कामाला आत सुती आणि वर रबरी मोजे घालच, आणि हात धुतले की प्रत्येक वेळी साधी व्हॅसलीन लाव. निम्मा आजार त्यानेच आटोक्यात राहील. कातडी पातळ, चकचकीत दिसायला लागली, बारीक लाल शिरा उठल्या, पांढुरके डाग पडले किंवा भेगेतून पू आला, तर थांब आणि दाखव.

आता शालक. त्याचं म्हणणं मला इथे बसून ऐकू येतंय, ‘दोन दिवसांत खाज गेली की!’ जाणारच. स्टिरॉइड खाज आणि लाली दाबतं, पण गजकर्ण ज्या बुरशीने होतं तिला काहीच करत नाही. उलट अंगाचा प्रतिकार दबला की बुरशीला रान मोकळं. गजकर्णाची गोल कडा पुसट होते, चट्टा मांडीवरून ढुंगणापर्यंत जातो, आणि पुढे डॉक्टरलाही हे नक्की काय आहे ते पटकन ओळखू येत नाही. लावणं थांबवलं की दुप्पट खाज, म्हणून माणूस परत ट्यूबकडे धावतो. महिनोन्‌महिने लावून जांघेत लाल-जांभळे पट्टे उमटलेली जवान पोरं माझ्या काउंटरवर येतात. रंग फिका होतो, पट्टे जन्मभर राहतात. तणनाशक चांगलं म्हणून तू केळीच्या पोंग्यात ओतशील का?

त्याला बुरशीवरचं औषध लागेल, तेही काही आठवडे आणि पूर्ण. हल्ली आपल्या देशात ही बुरशी टर्बिनाफिन या तिच्यावरच्या नेहमीच्या औषधालाही पूर्वीसारखी दबत नाही, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून गोळ्या घेऊ नकोस म्हणावं. आणि करदोडा काढायला लाव! घामाने भिजलेला तो दोरा वर्षभर कमरेला असतो, बुरशीला आयती जागा. टॉवेल वेगळा, चड्डी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. उन्हाची आपल्याकडे काय वाण आहे. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांचीही तपासणी एकदमच व्हावी.

दोष एकट्या त्याचा नाही म्हणा. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला, तरी आमच्याच धंद्यातले कितीतरी जण ‘खाजेची ट्यूब’ म्हटलं की स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली ट्यूब हातावर ठेवतात. स्वस्त, जलद, गिऱ्हाईक खूश. मला याची चीड येते आणि मी बोललो की मीच वाईट ठरतो. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायची सवय लाव. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांतलं काही दिसलं तर ते स्टिरॉइड.

हेच भाचीलाही सांग. लग्नाआधी चेहरा उजळायला मैत्रिणीने क्रीम दिलंय असं वहिनी म्हणाल्या. त्यात मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असेल तर ते वांगावर, डॉक्टरांच्या नजरेखाली, थोडे आठवडे लावायचं औषध आहे, गोरं व्हायचं नाही. महिनोन्‌महिने लावून एकदम सोडलं की चेहरा लालबुंद होतो, आग होते, पुरळ येतं, तेही नेमकं हळदीच्या दिवशी. लावायला सुरुवात होऊन बरेच दिवस झाले असतील तर तिने मनाने बंद करू नये, दाखवून घ्यावं.

शालकाला या आठवड्यात जळगावला पाठव, त्वचेच्या डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवतो. येताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून आणायला सांग, रिकाम्या असल्या तरी. आणि तुझी ट्यूब त्याच्याकडून आधी काढून घे.

तुझा,
नाना

ता. क. वहिनींना सांग, मांडे खायला दोघंही येतोय.