तिसऱ्या पिनची गोष्ट

डोंबिवली,
१६ जून २०२४

प्रिय दिल्या,

"तयार घेऊन टाक, कशाला नसती खाज," असं तू फोनवर म्हणालास, त्याला महिना झाला. कॉम्प्युटर मी घरीच जोडला. चालतोय. हे पत्र त्याच्यावरच टाइप करतोय, तुझ्या नाकावर टिच्चून.

सामान लॅमिंग्टन रोडवरून आणलं. मुक्ताचा अभ्यास आणि बाबांचं टायपिंग, गेम कोणीच खेळणार नाही, तेव्हा ग्राफिक्स कार्ड घेतलंच नाही. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला, त्याच्या पोटातच ग्राफिक्स असतं. बी४५० मदरबोर्ड घेताना खोक्यावर 'रायझन ५००० रेडी'चं स्टिकर शोधलं, कारण बायोस, म्हणजे मदरबोर्डमधला सुरुवातीचा प्रोग्रॅम, जुना असेल तर बोर्ड या प्रोसेसरला ओळखच देत नाही. दुकानदार सोळा जीबी रॅमची एकच कांडी गळ्यात मारत होता. मी आठ-आठच्या दोनच घेतल्या. हे ग्राफिक्स रॅमवरच पोसलं जातं, दोन कांड्या असल्या की त्याला दोन वाटा मिळतात. कॅबिनेटसोबत स्वस्तातला एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, मिळत होता, पण तुझ्या शिव्या आठवल्या आणि ४५० वॅटचा, वीज कमी वाया घालवणारा 'ब्राँझ' दर्जाचा वेगळा घेतला. ५०० जीबीची एसएसडी धरून सगळं २९ हजारांत बसलं. मॉनिटर घरात जुना होताच.

खरी कसरत दादरच्या पुलावर. संध्याकाळची गर्दी आणि माझ्या खांद्यावर कॅबिनेटचं खोकं. शेवटी लगेजच्या डब्यात शिरलो. एका मावशींनी विचारलं, "टीव्ही का?" मी हो म्हटलं. कोण समजावत बसणार?

प्रोसेसरची मला धास्ती होती. त्याच्या पोटाखाली हजारावर पिना, केसासारख्या. एक वाकली की अकरा हजार पाण्यात. पण कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाला जुळवला, खटका वर केला आणि नुसता ठेवला, तर आपल्याच वजनाने आत बसला. मुक्ता मला म्हणाली, "बाबा, श्वास घ्या."

बटण दाबलं. पंखा फिरला, मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. दीड तास केबली काढल्या, घातल्या. शेवटी मुक्तानेच दाखवलं, रॅमची एक कांडी एका बाजूने जेमतेम नखभर वर होती. मी घाबरून हळू दाबली होती. अंगठ्याने जोर दिला, 'कट्ट' आवाज आला आणि चित्र उमटलं. बायोसमध्ये रॅम २४००च्या वेगावर चालताना दिसली. एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केल्यावर ३२००वर आली. हे न केल्यामुळे वर्षानुवर्षं अर्धपोटी चालणारी मशिनं किती असतील!

पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. सगळं आटोपून समाधानाने कॅबिनेटवर हात ठेवला, तर बोटांना मुंग्या. टेस्टर लावला तर मिणमिणला. मला वाटलं, एसएमपीएस खराब. बदलून आणायला दुसऱ्या दिवशी निघणारच होतो, तेवढ्यात बाबा म्हणाले, "आधी वायरमनला बोलाव."

त्याने होल्डरला लावलेला बल्ब आणला. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये धरला, तर ढिम्म. भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला तर तिसऱ्या पिनची हिरवी वायर चिकटपट्टी गुंडाळून कोपऱ्यात सारलेली! एसएमपीएसच्या फिल्टरमधून जरासा करंट कॅबिनेटवर येतोच, तो अर्थिंगने जमिनीत जायचा. इथे त्याला वाटच नव्हती. म्हणजे वीस वर्षं आमचा फ्रीजही त्याच बोर्डावर देवाच्या भरवशावर! त्याने वायर जोडली, बल्ब पेटला, मुंग्या गेल्या. साडेतीनशे रुपये. तुझं रत्नागिरीचं घर तर आमच्यापेक्षा जुनं, मे महिन्यात रंगकाम काढलंस तेव्हा बोर्ड उघडून पाहिलेस का? नसशील तर आधी ते बघ.

बाबांचं वेगळंच दुखणं. त्यांनी मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली, बोटं अजून रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीवरच पडतात. मी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची वेगळी मांडणी लावून दिली, तर 'श्री' लिहायला गेले आणि भलतंच उमटलं. दोन दिवस रुसले होते. आता रोज सकाळी चहाआधी बसतात आणि मुक्ताला उठवून विचारतात, "रफार कुठे आहे गं?"

लहानपणी तुझ्या आजोबांचा रेडिओ आपण उघडून परत जोडला, तेव्हा तीन स्क्रू उरले होते, आठवतं? या वेळी चार उरलेत. ते जास्तीचेच आहेत, असं मी घरात सांगितलंय.

तुझाच,
अव्या